आई-बाबांना दहा शहरं नकोत, एक दिवस द्या

उन्हाळा आला की आमच्या म्युनिकमधल्या मराठी ग्रुपवर एकच चर्चा सुरू होते. कुणाचे आई-बाबा येताहेत आणि त्यांना काय काय दाखवायचं? लगेच याद्या येतात. दहा दिवसांत पॅरिस, अॅमस्टरडॅम, स्वित्झर्लंड, प्राग आणि व्हिएन्ना! सत्तरीतली माणसं गुडघ्याला पट्टा बांधून बस चढत-उतरत राहतात आणि घरी गेल्यावर फोटो बघून विचारतात, "हे कुठलं गं?"

माझं मत विचाराल तर यादीतली निम्मी शहरं खोडून टाका आणि एखाद्या ठिकाणी अख्खा दिवस काढा. उदाहरणच द्यायचं तर ऑस्ट्रियात साल्झबुर्गच्या वेशीवरचा हेलब्रुन राजवाडा. म्युनिकहून साल्झबुर्ग रेल्वेने दोनेक तासांवर, पुढे शहरातली बस.

1612 मध्ये साल्झबुर्गचा धर्मगुरू आणि राजा अशा दोन्ही गाद्यांवर आलेल्या मार्कुस सिट्टिकुसने हा वाडा बांधायला घेतला. वास्तुकार होता सांतिनो सोलारी, साल्झबुर्गचं कॅथीड्रल उभारणारा. गंमत म्हणजे एवढ्या वाड्यात झोपायची खोलीच नव्हती. पाहुण्यांना घेऊन यायचं, दिवसभर मजा करायची आणि संध्याकाळी शहरात परतायचं, एवढ्यासाठीच तो बांधला होता.

आणि मजा म्हणजे पाण्याची. बागेत दगडी टेबल आहे. भोवतीच्या दगडी बैठकांमधून अचानक कारंजी उडतात. कोरडी राहते ती फक्त यजमानाची जागा! एका गुहेत पाण्याच्या धारेवर मुकुट वर-खाली नाचतो. अठराव्या शतकात भर पडलेल्या यांत्रिक नाट्यगृहात तर एक अख्खं गाव आहे. दीडशेहून जास्त छोट्या बाहुल्या, त्यातल्या बहुतेक हलत्या, आणि सगळं चालतं पाण्यावर.

माझे बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. बाकी युरोपात ते "छान आहे" एवढंच म्हणत होते. इथे मात्र त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पंप कुठाय?" पंप नाहीच. हेलब्रुनच्या डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी, केवळ उताराच्या जोरावर, चारशे वर्षं खेळतंय. मग बाकावर बसून त्यांनी मला पाट, चाऱ्या, उतार कसा काढतात ते समजावलं. त्यांची नोकरी चालू असताना मी हे कधी ऐकलं नव्हतं. शेजारी आई पदर पिळत हसत होती.

"एवढं तिकीट काढून आलेत, तर सगळं बघू देत," असं अनेकजण म्हणतात. त्यामागे प्रेमच असतं, मान्य. पण आई-बाबा एवढ्या लांब येतात ते मुख्यतः आपल्याला भेटायला. आपण तर त्यांच्यासोबत असताना पुढची गाडी किती वाजता, हेच बघत असतो. असे मोकळे दिवस आता किती उरलेत, हे त्यांना ठाऊक असतं, आपल्यालाही.

कारंजी बघायची तर एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये जा, हिवाळ्यात ती बंद असतात. कारंज्यांना तिकीट आहे, बाहेरची मोठी बाग मात्र फुकट, आणि 'द साउंड ऑफ म्युझिक'मधला काचेचा मंडपही तिथेच आहे. कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि डबा सोबत घ्या. आईच्या कानाचं मशीन आधी पिशवीत ठेवा. आणि परतीची गाडी शेवटची पकडा.