झाकण उघडण्याचा हक्क

गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी, एस. टी. स्थानकासमोरील संगणक-दुरुस्तीच्या दुकानात अर्धा दिवस बसण्याचा योग आला. त्या अर्ध्या दिवसात दोन गिऱ्हाइके आली. पहिली होती पदविका अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी. काकांकडून मिळालेला सात वर्षांचा जुना लॅपटॉप तिने आणला होता. तो सुरू होण्यास दहा मिनिटे लागत आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना निम्म्यावर येऊन तो थिजत असे. दुकानदाराने पाठीमागचे स्क्रू काढले, आतील फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून त्या जागी एसएसडी बसविली आणि रिकाम्या असलेल्या दुसऱ्या स्लॉटमध्ये ८ जीबी रॅमची पट्टी दाबून बसविली. जुना मजकूर नव्या डिस्कवर उतरविण्यास वेळ लागला तेवढाच. संध्याकाळी मुलगी लॅपटॉप घेऊन गेली, तेव्हा तो अर्ध्या मिनिटात सुरू होत होता.

दुसरा होता यंत्रमाग कामगाराचा मुलगा. त्याचा लॅपटॉप अवघा दीड वर्षाचा, दुकानातील सर्वांत स्वस्त म्हणून हप्त्याने घेतलेला. दुखणे तेच. दुकानदाराने झाकण उघडले, आत पाहिले आणि पुन्हा लावले. "मित्रा, यात काही वाढवता येत नाही. रॅमही बोर्डावर, स्टोरेजही बोर्डावर. चालेल तेवढा चालव, मग नवा घे." मुलाने विचारले, "पण हा नवाच आहे ना?" या प्रश्नाला दुकानदारापाशी उत्तर नव्हते. ते उत्तर राजकारणात शोधावे लागेल, असे आमचे म्हणणे आहे, आणि म्हणूनच हा वरकरणी कारागिरीचा विषय या पानावर मांडीत आहोत.

प्रथम यंत्राची गोष्ट समजून घेऊ. स्टोरेज म्हणजे कणगी आणि मेमरी म्हणजे खळे, असे मानले तर पुरे. धान्य साठते कणगीत, पण मळणी चालते खळ्यावर. खळे अपुरे असले की शेतकऱ्याला माल पुन्हा पुन्हा आत नेऊन ठेवावा लागतो आणि पुन्हा बाहेर काढावा लागतो. काम थोडे व येरझारा फार, अशी अवस्था होते. ४ जीबी मेमरीच्या संगणकाचे नेमके हेच होते. मेमरीत न मावणारा भाग तो सतत स्टोरेजवर लिहीत व तेथून परत वाचीत राहतो. स्टोरेज जर फिरत्या तबकडीचे असेल, तर या येरझारांत सारा वेळ जातो. म्हणूनच जुन्या यंत्रात एसएसडी आणि थोडी अधिक मेमरी घातली की ते पुन्हा कामाला लागते. प्रोसेसर बहुधा धडधाकटच असतो. अर्ज भरणे, लिहिणे, हिशेब ठेवणे, वर्ग ऐकणे यांस त्याची शक्ती पुरून उरते.

स्वस्त लॅपटॉपांपैकी अनेकांत आज ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबीचे ईएमएमसी स्टोरेज मुख्य बोर्डाला कायमचे डाखलेले असते. योगायोग असा की विंडोज ११ ला लागणारे किमान प्रमाणही ४ जीबी व ६४ जीबी हेच आहे. ज्याच्याखाली यंत्र चालणारच नाही ती मर्यादा हाच गरिबांसाठीचा माल ठरला. त्यात कार्यप्रणालीनेच बरीच जागा व्यापल्यावर पुढची सुधारित आवृत्ती उतरविण्यासही जागा उरत नाही. शिवाय अशा स्टोरेजवर किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते. मेमरी तोकडी असली की लिहिणे वाढते आणि झीजही वाढते. ते निकामी झाले की एक सुटा भाग बदलून भागत नाही, सारा बोर्डच बाद होतो. श्रीमंताच्या यंत्रात बिघाड झाला तर तो नवे घेतो. गरिबाला मात्र बिघाड होण्याआधीच 'नवे घे' असे सांगितले जाते.

उत्पादकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात की डाखलेली मेमरी कमी वीज खाते, जागा कमी घेते आणि प्रोसेसरच्या निकट असल्याने वेगवान असते. एलपीडीडीआर जातीच्या मेमरीबाबत हे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु या युक्तिवादाला दोन उत्तरे आहेत. एक असे की डाखलेले ईएमएमसी स्टोरेज वेगासाठी वापरलेलेच नसते. साध्या एसएसडीहूनही ते संथ असते आणि ज्या जाडजूड प्लॅस्टिकच्या पेटीत ते बसविलेले असते, तिच्यात एखाद्या स्लॉटला जागा नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. दुसरे असे की मेमरीची मानके ठरविणाऱ्या जेडेक या उद्योगसंस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये सीएएमएम-२ हे मानक प्रसिद्ध केले. त्यानुसार कमी वीज खाणारी मेमरीसुद्धा स्क्रूने बसविता आणि काढता येते. म्हणजे तांत्रिक अडचणीचा मार्ग निघालेला आहे. उरते ती विक्रीची नीती. मेमरी नंतर वाढविता येणार नसेल, तर ग्राहकाने एकतर प्रारंभीच वरच्या दराचा नमुना घ्यावा, नाहीतर दोन वर्षांनी पुन्हा दुकानाची पायरी चढावी, अशी ही व्यवस्था आहे.

यंत्र विकत घेऊनही त्यावर मालकी प्रस्थापित होत नाही, हा अनुभव या देशाला नवा नाही. आयबीएम ही अमेरिकन कंपनी आपल्याकडे १४०१ जातीचे संगणक भाड्याने देत असे. हे नमुने १९५९ साली बाजारात आलेले होते. इतरत्र जुने झालेले संच डागडुजी करून ती येथे वर्षानुवर्षे भाड्याने लावीत राहिली. संसदेच्या लोकलेखा समितीने या व्यवहारांवर टीका केली. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यान्वये परकीय भांडवलाचा वाटा ४० टक्क्यांवर आणण्याचा प्रश्न आला, तेव्हा कंपनीने नकार दिला. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८ मध्ये तिने येथील गाशा गुंडाळला. हा प्रसंग आपल्या चळवळीत अभिमानाने सांगितला जातो. पण त्याचा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही. कंपनी गेली, तिची यंत्रे मागे राहिली. त्यांचे काय झाले? ती बंद पडली नाहीत. १९७५ साली स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सार्वजनिक क्षेत्रातील संस्थेने त्यांची देखभाल अंगावर घेतली. भारतीय तंत्रज्ञांनी झाकणे उघडली आणि यंत्रे चालू ठेवली. पुढे याच संस्थेने १९८५-८६ मध्ये दिल्लीत रेल्वे आरक्षणाची संगणकीय व्यवस्था उभी केली. दुसऱ्याचे यंत्र दुरुस्त करता करता स्वतःची व्यवस्था रचण्याइतके ज्ञान तिच्या हाती आले होते. २००१ मध्ये सरकारने या संस्थेतील नियंत्रक हिस्सा खाजगी उद्योगसमूहाला विकला आणि २०१५ मध्ये ती टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये विलीन झाली. दुरुस्ती हे सार्वजनिक कार्य आहे, ही जाणीवही तिच्याबरोबर विकली गेली.

येथे आत्मपरीक्षणाचे चार शब्द लिहिणे भाग आहे. समाजवादी आणि कामगार चळवळीने संगणकाकडे दीर्घकाळ केवळ रोजगार हिरावणारा शत्रू म्हणून पाहिले. बँका व विमा क्षेत्रांतील कामगारांची भीती निराधार नव्हती. यंत्र कोणाच्या हिताने येते हा त्यांचा प्रश्न योग्यच होता. परंतु समाजवादी पक्षाने २००९ च्या जाहीरनाम्यात संगणकाला विरोध करावा आणि त्याच पक्षाच्या उत्तर प्रदेशातील सरकारने २०१३ पासून विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटावेत, या दोन टोकांच्या मधला प्रश्न आपण विचारलाच नाही. यंत्र नको म्हणणे सोपे, फुकट देणेही सोपे. ते यंत्र घेणाऱ्याच्या ताब्यात किती राहील, पाच वर्षांनी ते कोण दुरुस्त करील, त्यात भर कशी घालता येईल, हा प्रश्न अवघड आणि म्हणूनच खऱ्या अर्थाने समाजवादी आहे.

मेमरीचा बाजार कोणाच्या हाती आहे हेही पाहिले पाहिजे. जगातील बहुतेक सारी संगणकीय मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांकडून येते. १९९९ ते २००२ या काळात मेमरी उत्पादकांनी संगनमताने दर ठरविल्याचा खटला अमेरिकेत उभा राहिला. २००५ मध्ये सॅमसंगने गुन्हा कबूल करून ३० कोटी डॉलरचा दंड भरण्याचे मान्य केले. २०१० मध्ये युरोपीय आयोगानेही अशाच प्रकरणी मेमरी उत्पादकांना ३३ कोटी युरोंहून अधिक दंड ठोठावला. आता संगनमताचीही गरज उरलेली नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या प्रचंड विदाकेंद्रांनी मेमरीची मागणी इतकी वाढविली की २०२५ च्या उत्तरार्धात तिचे दर झपाट्याने चढले, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीची आपली 'क्रूशियल' ही नाममुद्रा बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. अशा काळात मोकळा स्लॉट हे गरिबाचे संरक्षण आहे. आज थोडक्यात भागवावे, दर उतरल्यावर भर घालावी, किंवा एखाद्या मोडक्या यंत्रातील पट्टी काढून वापरावी, ही मुभा त्यामुळे राहते. डाखलेल्या यंत्रात ती राहत नाही. आणि हे सारे खाजगी भांडवलावर चाललेले नाही. मायक्रॉनने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या साणंद येथील जुळणी व चाचणीच्या प्रकल्पाचा खर्च २.७५ अब्ज डॉलर. त्यापैकी ५० टक्के केंद्र सरकारचे आणि २० टक्के गुजरात सरकारचे साहाय्य. जेथे ७० टक्के भार जनतेचा, तेथे जनतेच्या वतीने काही अटी घालण्याचा अधिकार सरकारला नाही काय?

आणखी एक दडपण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबविला. विंडोज ११ विशिष्ट प्रोसेसर आणि सुरक्षा-चिप असल्याशिवाय रीतसर बसत नाही. तेथे मेमरी वाढवूनही उपयोग होत नाही. म्हणजे स्लॉट मोकळा असला तरी कार्यप्रणालीच्या दाराला कुलूप. अशा यंत्रांना लिनक्ससारखी मुक्त कार्यप्रणाली हा आधार आहे. केरळ राज्याने आपल्या शाळांत ती मोठ्या प्रमाणावर रुजवून दाखविली आहे. आपल्याकडे जी यंत्रे भंगारात निघतील, त्यांतील कित्येक एसएसडी, एक मेमरीची पट्टी आणि मुक्त कार्यप्रणाली एवढ्यावर आणखी काही वर्षे काम देतील. न दिली तर ती जातील कोठे? शिसे आणि आम्ल यांच्या धुरात उघड्या हातांनी बोर्ड जाळणाऱ्या, वितळविणाऱ्या असंघटित मजुरांच्या वस्तीत. लॅपटॉपचे आयुष्य वाढविणे हा त्या मजुरांच्या फुप्फुसांचाही प्रश्न आहे.

तर मग मागणी काय करावी? केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी एक संकेतस्थळही सुरू केले. परंतु संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचा गुणांक छापणे बंधनकारक झाले. आपली मागणी याहून एक पाऊल पुढची असावी. सरकारी पैशाने खरेदी होणाऱ्या प्रत्येक लॅपटॉपात स्टोरेज सुटे असावे आणि मेमरीसाठी किमान एक स्लॉट मोकळा असावा. खोक्यावर मराठीत स्पष्ट लिहावे की मेमरी व स्टोरेज वाढविता येते की नाही, आणि किती. ग्राहकाने झाकण उघडले एवढ्याच कारणावरून हमी रद्द करता येऊ नये. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती गावच्या कारागिरालाही मिळावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ही दुरुस्ती शिकविली जावी.

कायदा होईल तेव्हा होईल. कार्यकर्त्यांनी तोवर थांबण्याचे कारण नाही. कोणी लॅपटॉप घेण्यास निघाला तर त्याला दोन प्रश्न विचारण्यास सांगा: मेमरीचा स्लॉट आहे काय? स्टोरेज सुटे आहे काय? जुने यंत्र असेल तर पट्टी घेण्यापूर्वी तिची जात पाहा. डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ यांच्या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. काम सुरू करण्यापूर्वी मजकुराची प्रत काढा, वीज व बॅटरी तोडा, आणि अंगावरील स्थिर वीज उतरविण्यासाठी धातूला हात लावा. एवढे शिकण्यास एक दुपार पुरते. जिल्ह्याजिल्ह्यांतील आपल्या कार्यालयांत आठवड्यातून एक संध्याकाळ असा वर्ग चालविणे अशक्य नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जे ज्ञान गल्लीगल्लीत आहे, ते तालुक्याच्या ठिकाणी पोहोचविणारे हात आपल्यापाशी आहेत.

त्या यंत्रमाग कामगाराच्या मुलाचे हप्ते अजून फिटलेले नाहीत. ज्या यंत्राचे आयुष्य संपत आले, त्याचे पैसे तो आणखी सहा महिने भरणार आहे. आपल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत शोषणाच्या ज्या व्याख्या आहेत, त्यांत ही गोष्ट कोठे बसते हे विद्वान ठरवोत. आपण मात्र हातात पेचकस घेऊन आणि ओठांवर मागणी घेऊन कामाला लागावे, हे बरे.