विश्लेषण : जुने संगणक कोणाच्या हवाली करावेत?

अमेरिकेतील सिॲटलचे ‘लिव्हिंग कॉम्प्युटर्स’ संग्रहालय कायमचे बंद झाल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले आणि त्यातील अनेक वस्तू ‘ख्रिस्तीज’च्या लिलावात निघाल्या. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांनी उभारलेल्या या संग्रहालयात जुने संगणक चालू स्थितीत होते, अभ्यागतांना ते हाताळता येत. म्हणूनच काहींनी आपली जपलेली यंत्रे विश्वासाने तिथे दान केली होती.

मग चुकले कुठे?

सारा डोलारा एकाच धनिकाच्या हौसेवर होता. ॲलन २०१८ मध्ये गेले. मालमत्ता विकून पैसा समाजकार्याला द्यावा, ही त्यांची इच्छा. २०२० मध्ये करोनाकाळात लागलेले टाळे पुन्हा उघडले नाही. लिलावात स्टीव्ह जॉब्ज यांच्या कार्यालयातील ‘ॲपल-१’ला ९ लाख ४५ हजार डॉलर मिळाले. अशा वस्तूंना गिऱ्हाईक मिळतेच. अडचण असते ती साध्या टर्मिनलची, टेप ड्राइव्हची.

नवा मालक कसा पारखावा?

जागेपेक्षा दुरुस्तीचे कसब आधी पाहावे. पडून राहिलेल्या यंत्रातील कपॅसिटर निकामी होतात, बॅटरी गळून सर्किट बोर्ड खराब होतो. न तपासता थेट वीज जोडणाऱ्याच्या हाती ते वाचत नाही. पुस्तिका, फ्लॉपी, केबल यंत्रासोबतच द्याव्यात. आणि नकोसे झाल्यास आधी देणाऱ्याला विचारावे, हे लेखी घ्यावे. मोठी संग्रहालये अशी अट सहसा मान्य करत नाहीत. जुनी यंत्रे दुरुस्त करणारा हौशी माणूस बहुधा करतो.