घरपट्टीची पावती आणि आपले मौन

घरपट्टीचे बिल हाती पडले की वसईच्या घराघरांतून दोन दिवस कुरकुर चालते. मग कोणीतरी रांगेत उभा राहून पैसे भरून येतो, पावती कपाटात जाते आणि विषय संपतो. त्या बिलातील रकाने आम्ही कधी वाचले आहेत काय? शिक्षणकर राज्य शासनाचा. महापालिका तो केवळ गोळा करते. वृक्षकर मात्र स्थानिक. ज्यांच्या आजोबांनी वाडीत हयातभर झाडे लावली, त्यांनी हा कर निमूटपणे भरावा आणि त्यातून किती झाडे उभी राहिली हे विचारूही नये, याला सोशिकपणा म्हणावे काय? आम्ही त्याला आळसच म्हणू.

२००९ साली चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे एकत्र करून महापालिका झाली. गावे वगळावीत म्हणून लोक रस्त्यावर उतरले, ते योग्यच होते. परंतु आपण नेमके काय गमावले? ग्रामसभा. तेथे गावचा प्रत्येक मतदार सभासद असतो. पंचायतीचा जमाखर्च त्याच्यासमोर ठेवावा लागतो. (त्याच ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब होत, हेही आम्ही विसरलेलो नाही.) महापालिकेत असे व्यासपीठच उरले नाही. क्षेत्रसभेची तरतूद राज्याच्या कायद्यात २००९ पासून आहे, पण ती कागदावरच राहिली. त्यात २०२० मध्ये लोकप्रतिनिधींची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे शेकडो कोटींची अंदाजपत्रके प्रशासकाच्या सहीने मंजूर होत गेली. आपल्यापैकी कोणी हूं की चूं केले?

हिशेब मागणे आपल्याला जमत नाही, असे मुळीच नाही. पतपेढीचा लाभांश अर्ध्या टक्क्याने घटला तर वार्षिक सभेत आवाज चढतात. सणाच्या बॅण्डवर किती खर्च झाला, यावर पारावर आठवडाभर खल होतो. पण गावातले बावखल बुजले, विहिरीचे पाणी मचूळ झाले, जुलै २०१८ च्या पावसात घरात पाणी शिरले, की आपण आकाशाकडे बोट दाखवतो. बावखल पावसाचे पाणी पोटात घेते आणि विहिरींना जगवते. त्यातला गाळ काढायचा की आणखी एक कमान उभारायची, हा पैशाचा प्रश्न आहे आणि पैसा आपला आहे.

पुण्यात २००६ पासून नागरिक आपल्या भागातील पदपथ, दिवे अशी कामे अंदाजपत्रकासाठी लेखी सुचवतात. रक्कम मर्यादित असते, सर्व सूचना मान्य होत नाहीत. तरी सुचवण्याची वाट खुली आहे. ती आपण का मागू नये?

अंदाजपत्रक मार्चअखेरपर्यंत मंजूर होते. एप्रिलात कुरकुरून उपयोग नाही. नाताळच्या सुट्टीत माणसे घरी असतात. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी प्रत्येक गावाने शाळेच्या सभागृहात बसावे. मागील वर्षाचे अंदाजपत्रक मागवून ठेवावे; २००५ पासून माहितीचा अधिकार आपल्या हाती आहे. तरुणांनी ते मोठ्याने वाचावे, बायाबापड्यांनी प्रश्न विचारावेत आणि आपल्या गावाची तीन कामे लिहून, सह्या करून, जानेवारीतच प्रभाग कार्यालयात पोच घेऊन द्यावीत.