ऐकले, पण समजले का?

तंजावरपासून थोड्याच अंतरावर, कावेरीच्या तीरी तिरुवैयारु हे गाव वसले आहे. तमिळमध्ये ‘ऐ’ म्हणजे पाच आणि ‘आरु’ म्हणजे नदी. पाच नद्यांचे पवित्र स्थान, असा या नावाचा अर्थ. संत त्यागराजांची समाधी येथेच आहे. त्यागराज राहिले तमिळ मुलखात, त्यांच्या बहुतेक रचना तेलुगू भाषेत, आणि त्यांच्या हयातीत तंजावरच्या गादीवर होते मराठी राजे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावर जिंकल्यानंतर तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही घरात मराठी बोलतात आणि दाराबाहेर तमिळ.

अशा दुभाषी जीवनात शब्द कधीकधी फसवतात. मराठीत ‘अवसर’ म्हणजे सवड किंवा संधी. तमिळमधील ‘अवसरम्’ याचा अर्थ मात्र घाई, तातडी! मूळ शब्द एकच. पण एकाच्या कानी ‘वेळ आहे’ असे पडावे आणि दुसऱ्याच्या कानी ‘वेळ नाही’ असे. बाजारात असा घोटाळा झाला, तर दोघे हसतात, पुन्हा विचारतात आणि व्यवहार पुरा करतात. जमिनीवर तेवढा अवसर (मराठी अर्थाने) असतो. आकाशात तो नसतो.

२५ जानेवारी १९९० रोजी कोलंबिया देशाचे एक प्रवासी विमान न्यूयॉर्कला पोहोचले. हवामान खराब असल्याने त्याला तासाहून अधिक काळ आकाशातच घिरट्या घालाव्या लागल्या. इंधन संपत आले. वैमानिकांनी ‘प्रायॉरिटी’, म्हणजे अग्रक्रम मागितला; इंधन संपत असल्याचेही सांगितले. परंतु ‘इमर्जन्सी’ हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. विमानाच्या प्रमुखाने आपल्या सहकाऱ्याला आणीबाणी कळवण्यास सांगितले होते, तरीही तो शब्द नियंत्रकांपर्यंत गेला नाही. नियंत्रकांच्या लेखी त्या एका शब्दावाचून परिस्थिती निकडीची ठरत नव्हती. अखेर इंधन संपून विमान कोसळले आणि ७३ जण मृत्युमुखी पडले.

आपल्या देशातील याहून भीषण दुर्घटना १२ नोव्हेंबर १९९६ ची. हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे बोइंग आणि कझाकस्तानचे इल्युशिन ही दोन विमाने एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतील सर्व ३४९ माणसे गेली. दिल्लीच्या नियंत्रकाने कझाक विमानाला १५,००० फुटांपर्यंतच उतरण्यास सांगितले होते आणि समोरून येणाऱ्या विमानाची कल्पनाही दिली होती. तरीही ते विमान त्या उंचीच्या खाली आले. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत कझाक वैमानिकांचे अपुरे इंग्रजी आणि सूचनेचा चुकीचा अर्थ यांवर बोट ठेवले गेले. त्या विमानात नियंत्रकाशी बोलण्याचे काम एका रेडिओचालकाकडे होते. उंची दाखवणारे यंत्र त्याच्यासमोर नव्हते; वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून त्याला ते पाहावे लागे. ऐकणारा एक, विमान चालवणारा दुसरा! त्यातच येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना एकच मार्ग, आणि विमानाची उंची न दाखवणारे जुने रडार. तेव्हा सारा दोष इंग्रजीच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते.

इंग्रजी उत्तम असले म्हणजे गैरसमज टळतात, असे थोडेच आहे? २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफ बेटावरील धावपट्टीवर दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे दगावली. तेथील नियंत्रक आणि वैमानिक अनुभवी होते. एका वैमानिकाने ‘आम्ही आता उड्डाणावर आहोत’ अशा अर्थाचे एक संदिग्ध वाक्य उच्चारले, नियंत्रकाने ‘ओके’ म्हटले, आणि पुढची ‘थांबा’ ही सूचना दुसऱ्या विमानाच्या संदेशाशी आदळून कर्कश आवाजात बुडाली. आपल्या मुंबईतही ९ फेब्रुवारी २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपतींच्या ताफ्यातील एक हेलिकॉप्टर धावपट्टीवर उतरत असताना त्याच धावपट्टीवरून दिल्लीचे विमान उड्डाणासाठी वेग घेत होते. वैमानिकाने वेळीच ब्रेक लावले, म्हणून अनर्थ टळला.

अशा अनुभवांतून विमानसेवेने आपली भाषाच शिस्तीची केली. ‘टेकऑफ’ हा शब्द आता प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा. ‘रॉजर’ म्हणजे केवळ ‘तुमचा संदेश मिळाला’. त्याचा अर्थ ‘होय’ असा नव्हे. नऊ हा आकडा ‘नाइन’ न म्हणता ‘नाइनर’ म्हणायचा, म्हणजे तो ‘फाइव्ह’ असा ऐकू येणार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उंची, दिशा, धावपट्टी यांविषयीची प्रत्येक सूचना वैमानिकाने नियंत्रकाला परत म्हणून दाखवायची. नियंत्रकानेही ती कान देऊन ऐकायची आणि चुकली तर लगेच सुधारायची.

ही परत म्हणून दाखवण्याची रीत मला फार मोलाची वाटते. कारण समजल्याची जबाबदारी तिच्यात एकट्या ऐकणाऱ्यावर राहत नाही. एरवी आपल्याकडे काय घडते? दवाखान्यात गोळ्या कशा घ्यायच्या, हे घाईने सांगितले जाते. समोरचा ‘हो, हो’ म्हणत मान डोलावतो. आपण अडाणी ठरू, या भीतीने तो पुन्हा विचारत नाही, आणि सांगणाराही ‘काय समजले ते सांगा पाहू’ असे म्हणत नाही. मग एका वेळी एक घ्यायची गोळी तीन वेळा घेतली जाते, तेव्हा लोक रुग्णाच्या शिक्षणाला नावे ठेवतात. सांगणाऱ्याच्या घाईला कोणी नावे ठेवत नाही.

आंतरराष्ट्रीय विमानसेवेतील वैमानिक व नियंत्रक यांना इंग्रजीची चाचणी द्यावी लागते. तिच्या सहा पातळ्या असून किमान चौथी पातळी गाठावी लागते. या चाचणीत उच्चार, व्याकरण, शब्दसंग्रह, ओघ आणि आकलन यांबरोबर संवादही तपासतात. गैरसमज होतो आहे असे वाटताच उमेदवार पुन्हा विचारून खात्री करून घेतो की नाही, हेही त्यात पाहिले जाते. आपल्या शाळांमध्ये भाषेच्या परीक्षेत उत्तराला गुण असतात. ‘मला समजले नाही, पुन्हा सांगा’ असे नेमक्या शब्दांत विचारता येण्याला अजून एकही गुण नाही.