उतारावर मिनी ट्रॅक्टर का उलटतो, आणि जीव कशाने वाचतो?

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेडजवळच्या आलेगाव शिवारात शेतमजुरांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला. वसमत तालुक्यातील गुंज गावच्या सात महिलांचा मृत्यू झाला. मुख्यमंत्र्यांनी मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी पाच लाखांची मदत जाहीर केली. पण मदतीची वेळच येऊ नये, यासाठी काय करता येईल?

हा प्रश्न सपाट शिवारापुरता नाही. कंधार, मुखेड, अहमदपूर भागात बालाघाटचे उतार आहेत. किनवट-माहूर तर डोंगराळच. अशा जमिनीवर गवत कापायला किंवा फवारणीला मिनी ट्रॅक्टर नेला, की धोका वाढतो.

ट्रॅक्टर उलटतो कसा?

पिकांच्या ओळींतून जाता यावे म्हणून मिनी ट्रॅक्टर अरुंद असतो. उताराला आडवा चालवला की त्याचा भार खालच्या चाकांवर येतो. त्यात वरचे चाक दगडावर चढले किंवा खालचे खड्ड्यात गेले, की तो कलंडतो. चढावर अचानक क्लच सोडला तर पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. हे सारे जेमतेम दोन सेकंदांत घडते. उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

काय काळजी घ्यावी?

- गवत कापताना उताराला आडवे न जाता वर-खाली चालवावे. मागे अवजार असेल तर तीव्र चढ रिव्हर्समध्ये चढावा.
- उतरण्याआधीच खालचा गिअर टाकावा. न्यूट्रल करू नये, मध्येच क्लच दाबू नये.
- दोन्ही ब्रेक पेडल जोडलेले ठेवावेत. अवजार जमिनीलगत ठेवावे.
- ओल्या गवतावर, बांधाच्या किंवा विहिरीच्या कडेला जाऊ नये.
- उतार १५ अंशांहून जास्त, म्हणजे १०० फुटांत सुमारे २७ फूट चढ असेल, तर विळा किंवा हातातले यंत्रच बरे.

सांगाडा का हवा?

चालकामागचा मजबूत लोखंडी सांगाडा ट्रॅक्टर उलटला तरी चालकाला चिरडू देत नाही. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरना तो सक्तीचा केला आणि तिथले मृत्यू झपाट्याने घटले. सांगाडा असेल तर सीटबेल्ट लावायचाच. नसेल तर लावायचा नाही. मात्र सांगाडा वाचवतो तो फक्त चालकाला. ट्रॉलीतल्या किंवा मडगार्डवरच्या माणसाला तो वाचवत नाही. म्हणून तिथे माणसे बसवूच नयेत.

सरकार काय करू शकते?

अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांना मिनी ट्रॅक्टर आणि उपसाधनांसाठी राज्य सरकार ९० टक्के, म्हणजे कमाल ३ लाख १५ हजार रुपये अनुदान देते. गोपीनाथ मुंडे योजनेतून अपघाती मृत्यूनंतर दोन लाख मिळतात, पण ते खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातील एकाला. भूमिहीन मजूर त्या चौकटीबाहेरच राहतो.

म्हणजे यंत्र घेताना सरकारचा पैसा आहे आणि मृत्यूनंतरही आहे. अनुदानाच्या अटींतच सांगाडा आणि सीटबेल्ट घातले, तर तोच पैसा जीव वाचवण्यासाठीही वापरला जाईल.