ओव्हरक्लॉकिंग : जरा थंड डोक्यानं!

आपल्या हॉस्टेलवर दोन प्रकारचे लोक राहतात. एक, ज्यांचा कॉम्प्युटर चालतो; आणि दुसरे, ज्यांचा कॉम्प्युटर 'पळतो'! दुसऱ्या प्रकारच्या मंडळींच्या रूमवर रात्री अकरानंतर कधी जाऊन बघा. कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढून पलंगाखाली सारलेलं, उघड्या कॅबिनेटसमोर टेबल फॅन, स्क्रीनच्या कोपऱ्यात नाचणारे फ्रेम रेटचे आकडे आणि ते आकडे साठाच्या वर गेले की पूर्ण विंगला ऐकू जाईल असा जल्लोष. रूममेट बिचारा चादर घेऊन टेरेसवर!

आता हा विषय लेखाचा का झाला? तर मागच्या उन्हाळ्यात आपल्याच एका विंगमध्ये एक्स्टेंशन बोर्ड वितळला. नशिबानं वास वेळेवर आला आणि कुणाला काही झालं नाही. पण तेव्हापासून 'ग्राफिक्स कार्डवाले डेस्कटॉप हॉस्टेलवरून बंद' अशी चर्चा सुरू आहे. एका बाजूला सर म्हणतात बंद करा, दुसऱ्या बाजूला पोरं म्हणतात आमचं कार्ड, आमची मर्जी. मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात. का, ते सांगतो.

आधी कबुली देतो. मी स्वतः पळवणाऱ्यांपैकीच. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि मायनिंगवर राबलेली कार्डं सेकंडहँड बाजारात पडली, हे तुम्हाला माहीत असेलच. त्यातलंच एक आरएक्स ५८० मी नांदेडहून आणलं. डिसेंबरात हॉस्टेलवर ते ओव्हरक्लॉक केलं. कंपनीनं दिलेला स्पीड १३४० मेगाहर्ट्झ, मी नेला १४२५ वर. व्होल्टेज १.१५ वरून १.२ केलं. गेममध्ये ५८ फ्रेम मिळत होत्या, त्या ६१ झाल्या. आठवडाभर कॉलर ताठ!

मग मे महिना आला. सुट्टीत कॅबिनेट एसटीत मांडीवर घेऊन घरी गेलो. माझं गाव ढाणकी, तालुका उमरखेड, जिल्हा यवतमाळ. पैनगंगेच्या अलीकडे विदर्भ, पलीकडे मराठवाडा. पण उन्हाच्या बाबतीत नदी काही फरक करत नाही. मे महिन्यात दुपारी बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश म्हणजे नेहमीचंच. माझ्या खोलीवर टिनाचं छत. थर्मामीटर लावला तर आत ४१.

त्या खोलीत तेच कार्ड, तेच सेटिंग, तोच गेम. सुरुवातीला ६१ फ्रेम. दहा मिनिटांनी ५२. गाडी रस्त्यावर झटके खात चाललेली. मग स्क्रीन काळी! पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. मी आधी दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या दिल्या, मग व्होल्टेजला. ओव्हरक्लॉक काढून कंपनीच्या सेटिंगवर आणलं, तर कार्ड गरम होतं पण ५६ फ्रेम देत होतं. म्हणजे पळवलेलं कार्ड न पळवलेल्या कार्डापेक्षा हळू चालत होतं! इथे मात्र गेम बाजूला ठेवून वही काढली.

हिशेब अगदी सोपा आहे, सेकंड इयरचा. चिपमध्ये खर्च होणारी पॉवर ही फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मी फ्रिक्वेन्सी वाढवली साधारण ६ टक्के, व्होल्टेज साधारण ४ टक्के. पॉवर किती वाढली? सुमारे १६ टक्के! सॉफ्टवेअर आधी १३० वॅट दाखवायचं, ते १५० दाखवायला लागलं. फ्रेम मिळाल्या तीन, उष्णता वाढली वीस वॅट.

आता दुसरी गोष्ट. कार्डावरचा पंखा आणि हीटसिंक कितीही भारी असोत, ते चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाहीत. ते फक्त चिप आणि खोली यांच्यातला फरक ठरवतात. माझ्या कार्डाचा हा फरक १३० वॅटला ४८ अंश होता. डिसेंबरात खोली २४ वर, म्हणून चिप ७२ वर. मे महिन्यात खोली ४१ वर, म्हणजे चिप ८९ वर, तेही काहीच न करता. १५० वॅटला फरक होतो ५५-५६ अंश. ४१ अधिक ५६ म्हणजे ९७! तिथपर्यंत जायच्या आधीच कार्ड स्वतःला वाचवायला स्पीड खाली आणतं. आपण त्याला 'हँग मारतंय' म्हणतो. खरं तर ते आपल्यापेक्षा शहाणं असतं.

ओव्हरक्लॉकिंगच्या सगळ्या सुरस कथा आपण ऐकतो त्या थंड देशांतल्या किंवा एसीतल्या. शिवाय त्यातल्या बऱ्याच जुन्या. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला होता. त्याची बस ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चा प्रोसेसर थेट ४५० वर चालायचा. दीडपट! तेव्हा कंपन्या चिपमध्ये भरपूर जागा शिल्लक ठेवायच्या, म्हणून ते जमायचं. २०१२ मध्ये एनव्हिडियानं 'जीपीयू बूस्ट' आणलं. तेव्हापासून कार्ड स्वतःच तापमान आणि पॉवर बघून जमेल तितकं वर जातं. म्हणजे शिल्लक जागा कंपनीच वापरून टाकते, आपल्या वाट्याला उरतात पाच-सहा टक्के. त्या पाच-सहा टक्क्यांसाठी आपण टिनाखाली भट्टी लावतो.

भट्टी हा शब्द माझा नाही, आजीचा. आमच्याकडे कूलर एकच, तो माझ्या खोलीच्या खिडकीला, आणि दुपारी आजी तिथेच निजते. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाबू, तुह्या त्या डब्यातून भट्टीवानी झळ येऊ राह्यली. माही खाट ओसरीत टाक." मी खाट ओसरीत टाकली आणि परत येऊन गेम सुरू केला. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. ओसरीत कूलर नव्हता. नुसती उन्हाची झळ.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. हीट आणि टेंपरेचर यांच्यातला फरक तिथे व्याख्या पाठ करून शिकलो, पूर्ण मार्क मिळाले. पण आजीकडे त्यासाठी वेगवेगळे शब्दच आहेत. ऊब वेगळी, धग वेगळी, झळ वेगळी, उकाडा वेगळा. मी स्क्रीनवर फक्त तापमान बघत होतो. झळ कुणाला लागते हे स्क्रीनवर येत नाही.

आणि मुद्दा नेमका हाच आहे. कार्ड थंड करणं म्हणजे उष्णता नाहीशी करणं नव्हे. ती कार्डातून काढून खोलीत सोडणं. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. गेम चालू असलेला माझा पूर्ण सेट, मॉनिटर धरून, ३०० वॅट घेतो. म्हणजे तीन जणांच्या रूममध्ये आणखी तीन माणसं कोंबून बसवली! त्यांना दिसत नाही एवढंच. कॅबिनेटचं झाकण काढून टेबल फॅन लावला की कार्डाचा आकडा उतरतो आणि आपल्याला वाटतं जिंकलो. जिंकलो काय? ती झळ रूममेटच्या पलंगावर गेली.

कूलरसमोर कॅबिनेट ठेवायचा उपायही मी केलाय. कूलर पाणी वाफेत घालवून हवा गार करतो. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या कूलिंग टॉवरमध्येही तत्त्व तेच. कोरड्या हवेत खोलीत दहा-एक अंश सहज उतरतात. पण ती दमट हवा आणि सोबत येणारे पाण्याचे तुषार थेट सर्किटवर? शिवाय क्षार आणि धूळ. आणि मे महिन्यात कूलरला पाणी कोण भरतं? आमच्याकडे आई. मी नाही.

मग गेम खेळायचाच नाही का? खेळायचा की! मी उलटा मार्ग धरला. त्याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. कंपनी प्रत्येक चिपला जरा जास्तच व्होल्टेज देते, कारण हजारो चिपमधली सर्वांत कमकुवत चिपसुद्धा चालली पाहिजे. तुमची चिप बहुतेक वेळा त्यापेक्षा कमीत चालते. मी स्पीड १३०० वर आणला आणि व्होल्टेज २५-२५ मिलिव्होल्टनं उतरवत गेलो. दर पायरीला अर्धा तास टेस्ट. ठिपके दिसले किंवा बंद पडलं की एक पायरी परत वर. १.०५ वर स्थिर झालं. त्याच सूत्रानं काढा : स्पीड ३ टक्के कमी, पॉवर १९ टक्के कमी. १०५ वॅट! फरक ३९ अंश, म्हणजे ४१ च्या खोलीतही चिप ८० वर. फ्रेम ५७, आणि शेवटपर्यंत ५७. झटका नाही, काळी स्क्रीन नाही. पंख्याचा आवाजही निम्मा. सोबत जुनी थर्मल पेस्ट बदलली आणि हीटसिंकमधली धूळ काढली. आमच्या भागात त्या धुळीत कापसाचे तंतू असतात, पंख्यामागे त्यांची चक्क गादी तयार होते. आता समोर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून लावलाय.

आजीची खाट परत कूलरपाशी आली. ती आल्यावर मी दुपारी गेम लावत नाही, रात्री लावतो. अंडरव्होल्टिंग झालं तरी उष्णता ती उष्णताच.

कुणी म्हणेल, हे डरपोक लोकांचं ओव्हरक्लॉकिंग. मला उलट वाटतं. स्लायडर उजवीकडे सरकवायला इंजिनिअर लागत नाही. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली 'परम ब्रह्म' हा महासंगणक उभा राहिला, त्यात प्रोसेसरची उष्णता पाण्याच्या साहाय्यानं थेट वाहून नेण्याची व्यवस्था आहे. म्हणजे मोठं काम करणारे लोक उष्णता कुठे जाणार हे आधी ठरवतात. आपण मात्र आधी स्पीड वाढवतो आणि उष्णतेचं 'बघू नंतर'.

आता वळतो बंदीकडे. सरांना नम्र विनंती, बोर्ड वितळला त्याचा पूर्ण हिशेब मांडू या. सहा अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला जास्तीत जास्त १३८० वॅट घेता येतात. त्या बोर्डावर दोन डेस्कटॉप होते, हे खरं. पण मॅगीसाठी लावलेली केटलही होती. बाजारातली साधी केटल १५०० वॅटची, ती एकटीच मर्यादा ओलांडते! कार्डवर बंदी आणाल तर केटल राहील, पाणी तापवायचा रॉड राहील, एकाला एक जोडलेले बोर्ड राहतील. आणि कार्डं चोरून येतील, म्हणजे झाकून ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये, आणखी गरम. शिवाय हीच कार्डं आपल्या प्रोजेक्टलाही लागतात, सगळेच काही गाड्या पळवत नाहीत.

त्याऐवजी एवढं करू या. एक, प्रत्येक डेस्कटॉप भिंतीवरच्या सॉकेटला स्वतंत्र. बोर्डाला बोर्ड जोडायचा नाही. दोन, मार्च ते जून ओव्हरक्लॉकिंग बंद, ते आपण पोरांनी स्वतः पाळायचं. तीन, हॉस्टेलनं एक वॅटमीटर घ्यावा. इलेक्ट्रिकलच्या मुलांनी प्रत्येक सेट मोजून त्याचा आकडा रूमच्या दारावर लावावा. अंडरव्होल्टिंग कसं करायचं ते मी शनिवारी कॉमन रूममध्ये दाखवायला तयार आहे, चहा तुमचा. आणि चार, रात्री अकरानंतर गेम लावायचा तर रूममेटला विचारायचं. नियम म्हणून नाही, माणूस म्हणून.

पोरांना शेवटचं सांगणं : तुमचं कार्ड, तुमची मर्जी, कबूल. पण झळ तुमच्या एकट्याची नसते. या उन्हाळ्यात स्लायडर उजवीकडे न्यायच्या आधी एकदा मागे वळून बघा. बाजूच्या पलंगावरचा मित्र झोपलाय, की चादर घेऊन टेरेसवर गेलाय?

पटलं तर करून बघा. नाही पटलं, तर थर्मामीटर घेऊन मे महिन्यात ढाणकीला या. जेवण आमच्याकडे!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल