खेड्यांतील साधीं सुखें

निबंधाच्या तासाला ‘माझें गांव’ हा विषय फळ्यावर लिहिला कीं वर्गांतील बहुतेक वह्यांतून एकच गांव उमटतें. त्याच्या उशाशीं डोंगर असतो, पायथ्याशीं नदी झुळझुळ वाहत असते, हवा आरोग्यदायक असते, माणसें साधींभोळीं असतात आणि शेवटीं ‘असें हें माझें गांव मला फार आवडतें’ हें वाक्य ठरलेलें असतें. लिहिणारा घाटमाथ्यावरच्या वाडींतला असो, नारायणगांवच्या पेठेंतला असो, कीं जन्मापासून पुण्यास वाढलेला असो, गांव कांहीं बदलत नाहीं. अशा निबंधांना आम्ही गुण देतों, कारण शुद्धलेखन बहुधा बरें असतें. पण वाचून झाल्यावर त्या गांवीं एकदां जाऊन यावें असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. ज्या गांवांत कोणाच्या पायाला चिखल लागत नाहीं, कोणाची म्हैस चुकत नाहीं आणि कोणी कोणावर रागावत नाहीं, तें गांव पृथ्वीच्या पाठीवर नाहीं.

म्हणून यंदाच्या अंकांत खेड्यांतील सुखांविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे: खेड्यांतील सुखें खरीं आहेत आणि त्यांची आठवण ठेवणें हें चांगल्या मनाचें लक्षण आहे, परंतु त्यांतील एकहि सुख फुकट मिळालेलें नसतें. तीं आठवावयाचीं तर ज्यांच्या कष्टांतून तीं निघालीं त्या माणसांचीहि आठवण ठेवली पाहिजे. नाहीं तर ती आठवण नव्हे, भिंतीवर टांगलेलें चित्र होय.

उदाहरणासाठीं जुन्नर तालुक्यांतील घाटघर घेऊं. अकोले तालुक्यांत भंडारदऱ्याजवळ याच नांवाचें दुसरें गांव आहे, तें निराळें. जुन्नरहून पश्चिमेस सुमारें ३० किलोमीटर जावें, चावंडचा किल्ला मागें टाकावा, म्हणजे सह्याद्रीच्या अगदीं कडेला हें गांव लागतें. जवळच जीवधनचा किल्ला आणि नाणेघाट; घाट उतरून गेलें कीं मुरबाड तालुक्यांतील वैशाखरे. दोन हजार वर्षांपूर्वीं, सातवाहनांच्या काळीं, कल्याण व सोपारा या बंदरांतील माल याच वाटेनें जुन्नरच्या पेठेकडे चढत असे. घाटांतील लेण्यांत नागनिका राणीचा ब्राह्मी लिपींतील प्रसिद्ध शिलालेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व नाणीं यांचे आंकडे त्यांत कोरलेले आहेत. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत, असें लोक सांगतात. राजघराण्याचीं नांवें आणि दानाचे आंकडे दोन हजार वर्षें टिकले. पाठीवर गोणी घेऊन तो घाट चढणाऱ्यांपैकीं मात्र एकाचेंहि नांव त्या भिंतीवर नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांचे निबंध पुष्कळदां या शिलालेखासारखे असतात, म्हणून हा उल्लेख केला.

आतां सुखांकडे वळूं. मृगाच्या सरी पडल्या कीं घाटमाथ्याचा सारा मुलूख धुक्यांत बुडून जातो. दहा हातांवरचा माणूस दिसत नाहीं, नुसती गुरांच्या गळ्यांतील घंटा ऐकूं येते. अशा दिवशीं चुलीजवळ बसून गरम नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि खेकड्यांचें कालवण खाण्यांत जें सुख आहे, तें शहरांतील खाणावळींत पैसे मोजून मिळत नाहीं. पण ती भाकरी आणि तो भात ताटांत येईपर्यंत काय काय घडतें, हें त्या घरच्या मुलाला विचारावें. उन्हाळ्यांत पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजावा लागतो. पावसाच्या तोंडावर त्या भाजलेल्या जागेंत बी टाकावें लागतें. रोप वीतभर झालें कीं तें उपटून, चिखलांत दिवसभर वांकून, खाचरांत लावावें लागतें. डोक्यावर इरलें असो वा घोंगडीची खोळ असो, पाठ भिजावयाची ती भिजतेच. पहिल्या पावसानंतर कुरडू, टाकळा, चाई अशा रानभाज्या उगवतात. त्यांतील कोणती केव्हां खुडावी आणि कोणती किती वेळ शिजवावी, हें ज्ञान छापील पुस्तकांत थोडें आणि आजीच्या बोटांत फार असतें.

दिवाळीच्या तोंडाशीं वाघबारस येते. आश्विन वद्य द्वादशीस इतरत्र गाईवासरांची पूजा होते. महादेव कोळ्यांच्या मुलुखांत त्याच दिवशीं गुराखी वाघोबालाहि नैवेद्य दाखवितात. जो आपल्या गुरांवर झडप घालतो त्याचाहि मान राखून सण करावयाचा, यांत जंगलाच्या शेजारीं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांचें शहाणपण आहे. जुन्नर तालुक्यांत बिबट्या ही आजहि कथेंतली गोष्ट नाहीं. माणिकडोह येथें जखमी व पकडलेल्या बिबट्यांसाठीं निवारा केंद्र चालविलें जातें.

उन्हाळ्यांत करवंदांच्या जाळ्या काळ्या होतात आणि मुलांचीं तोंडें जांभळीं होतात. हें सुख तर आमच्या शाळेंतील पुष्कळांनीं चाखलेलें आहे. त्याच दिवसांत घरचीं मोठीं माणसें हिरड्याच्या झाडांशीं झगडत असतात. कोवळा हिरडा झोडून, गोळा करून, उन्हांत वाळवून बाजारांत न्यावयाचा. औषधाला आणि कातडीं कमावण्याला तो लागतो. मुलांच्या वह्या आणि पावसाळ्याची बेगमी पुष्कळ घरांत याच पैशांत होते. करवंदें मुलाची आणि हिरडा बापाचा, पण डोंगर दोघांचाहि एकच.

या सर्वांहून मोठें सुख म्हणजे ओळखीचें. एस. टी. मधून उतरलेल्या पोराला पारावरचा म्हातारा विचारतो, ‘कोणाचा रे तूं?’ आणि उत्तर ऐकतांच त्याच्या आजाच्या दोन गोष्टी सांगतो. शहरांत माणसाला पत्ता असतो, खेड्यांत त्याला आजा असतो. ही ओळख नुसती बोलण्याची नसते. जुन्नर-आंबेगांवच्या डोंगराळ भागांत ‘पडकई’ नांवाची जुनी रीत आहे. आज एकाच्या उतारावर सर्वांनीं मिळून दगडाचे बांध घालावयाचे आणि खाचर तयार करावयाचें, उद्यां दुसऱ्याच्या. मजुरीचा पैसा हातांत पडत नाहीं. हाताला हात परत मिळतो. ‘गांव करी तें राव न करी’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्यानें असा एखादा बांध उभा राहतांना पाहिला असला पाहिजे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, ‘मास्तर, मग खेड्यांत सगळें गोडच आहे!’ तसें नाहीं, आणि तसें लिहिणें म्हणजे लबाडी होईल. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो, पण खडक कठीण आणि उतार तीव्र, त्यामुळें पाणी थांबत नाहीं. ज्या वाड्यांवर आषाढांत छप्पर गळतें, त्यांतील पुष्कळांवर चैत्रांत हंडे घेऊन लांब जावें लागतें, आणि तें काम बहुतेक बायकामुलींच्या डोक्यावर असतें. याच डोंगरांत उगम पावणारी कुकडी माणिकडोहच्या धरणांत अडविली आहे, आणि कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांचें पाणी दूर श्रीगोंदें-कर्जतच्या शेतांस मिळतें. तेथील शेतकऱ्यांचा आम्हांस हेवा नाहीं. पण नदीच्या उशाशीं राहणाऱ्या मुलीचा हंडा उन्हाळ्यांत रिकामा असतो, हें ‘झुळझुळ वाहणाऱ्या नदी’विषयीं लिहितांना विसरूं नये.

दुसरी गोष्ट ओळखीची. जी ओळख आधार देते, तीच कधीं काचतेहि. आणि सर्वांना ती सारखी कधींच मिळाली नाहीं. महाराष्ट्रांत पाणवठ्यावर पाणी घेण्याच्या साध्या हक्कासाठीं १९२७ सालीं महाडास डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. ‘आमचें गांव किती प्रेमळ होतें’ असें गांवकुसाच्या आंतील माणूस म्हणतो, तेव्हां बाहेरच्यालाहि तेंच विचारावें, आणि दोघांचें उत्तर जुळलें तरच तें वाक्य वहींत लिहावें.

हा पेंच आपल्याच देशांतला आहे असें नाहीं. अमेरिकेच्या मध्यभागांतील लहान गांवांचीं माणसेंहि आपल्या बालपणाच्या गोड आठवणी फार प्रेमानें सांगतात. त्याच प्रदेशांतील मिनेसोटा संस्थानांत, सॉक सेंटर या गांवीं जन्मलेल्या सिंक्लेअर लुईस यानें १९२० सालीं ‘मेन स्ट्रीट’ ही कादंबरी लिहून अशा गांवांतील संकुचितपणा उघडा केला. पुढें १९३० सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. तें मिळविणारा तो पहिला अमेरिकन साहित्यिक. १९५१ सालीं तो दूर रोम शहरीं वारला, पण त्याची रक्षा अखेर सॉक सेंटरलाच पुरण्यांत आली. गांवाचे दोष सांगणारा माणूस गांवाचा वैरी असतोच असें नाहीं, हें यावरून दिसतें. मराठींत व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ सालीं प्रसिद्ध झाली. तींत एक तरुण मास्तर धनगरांच्या लहानशा वाडींत शाळा चालवितो, माणसांत रुळतो, आणि शेवटीं दुष्काळानें ती वाडी ओस पडतांना पाहतो. त्या पुस्तकांत माणसांवरील माया आणि दुष्काळाची झळ शेजारींशेजारीं आहेत. वरच्या वर्गांतील मुलांनीं तें अवश्य वाचावें.

गांव नाहींसें होणें ही केवळ कादंबरींतली गोष्ट नव्हे. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण या गांवावर डोंगर कोसळला आणि सुमारें दीडशें माणसें गाडलीं गेलीं. ही वार्ता प्रथम बाहेर कळविली ती एस. टी. च्या एका चालकानें: नेहमींच्या वाटेवर नेहमींचें गांव त्याला दिसेना. पुढें २०१७ सालीं वांचलेल्या कुटुंबांना नवीं घरें मिळालीं. पण घरें बांधून देतां येतात. कोणत्या घरासमोर कोणतें झाड होतें, आवणीच्या वेळीं पहिलें गाणें कोण म्हणत असे, हें कोणत्याहि खात्याला बांधून देतां येत नाहीं. तें ज्याच्या स्मृतींत आहे त्याच्यापुरतेंच उरतें. म्हणून नीट आठवणें हें आम्ही करमणुकीचें काम मानीत नाहीं. तें एक कर्तव्य आहे.

हल्लीं पावसाळ्यांत नाणेघाटावर प्रवाशांची रीघ लागते. कड्यावरून पडणारें पाणी खालून येणाऱ्या जोरदार वाऱ्यानें वर उडतें, तो ‘उलटा धबधबा’ पाहण्यासाठीं लोक येतात. २०१८ सालीं शासनानें जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला, त्यामुळें कांहीं घरांना चार पैसेहि मिळूं लागले. तें चांगलेंच झालें. पण पुष्कळ पाहुणे वाऱ्यासारखे येतात, छायाचित्र घेतात, प्लॅस्टिकच्या बाटल्या मागें टाकतात आणि वाऱ्यासारखे जातात. दुरून डोंगर साजरे, असें आपण म्हणतों. वाईट याचें वाटतें कीं डोंगरांतच जन्मलेलीं आपलीं मुलेंहि शहरांत चार वर्षें काढल्यावर डोंगराकडे असेंच दुरून पाहूं लागतात.

म्हणून पालकांना आमची विनंति आहे. सुटींत मुलांना गांवीं पाठवा, आणि पाहुणा म्हणून पाठवूं नका. दिवाळीच्या सुटींत भाताची कापणी आणि झोडणी चालते. एक दिवस तरी त्यांच्या हातीं विळा द्या. उन्हाळ्याच्या सुटींत हिरडा वेंचूं द्या, एक हंडा डोक्यावरून आणूं द्या, मग तो मुलगा असो वा मुलगी. आजीची बोली मुलाच्या तोंडीं आली तर ‘गांवढळासारखें बोलूं नको’ असें म्हणून ती पुसून टाकूं नका. खाचर, राब, इरलें, पडकई हे शब्द ज्याला माहीत आहेत त्याची भाषा गरीब नाहीं. उलट ज्याला ते माहीत नाहींत त्याच्या शब्दांच्या पेटींत तेवढे खण रिकामे आहेत.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एवढेंच सांगणें आहे. गांवाची आठवण जरूर ठेवा. शहराच्या गर्दींत ती तुम्हांला धीर देईल. मात्र ती ठेवतांना हिशेब पुरा ठेवा. भाकरी आठवली तर ती कोणीं थापली तें आठवा. पाणी आठवलें तर तें कोणीं वाहून आणलें तें आठवा. सण आठवला तर त्या दिवशीं कोण दाराबाहेर उभें होतें, तेंहि आठवा. शिकून मोठे झालां आणि हातीं कांहीं अधिकार आला, म्हणजे त्या डोक्यावरचा हंडा खालीं उतरविण्याची खटपट करा. त्या घरीं चैत्रांतहि दारापर्यंत पाणी आलें, तर तुमची आठवण खरी होती असें आम्ही समजूं.